अक्षराच्या माथ्यावरची खूण

छापील पानावरील कोऱ्या जागेलाही अर्थ असतो, हे कवितेच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको. परंतु जिचा निम्मा अर्थ कोऱ्या जागेवरच तोललेला आहे अशी एक साधी संहिता साहित्यचर्चेत सहसा येत नाही. ती म्हणजे गिटारवादकाचा गाण्याचा कागद. खालच्या ओळीत गीताचे शब्द आणि वरच्या ओळीत कॉर्डची नावे. ज्या अक्षराच्या माथ्यावर नाव, त्या अक्षरावर कॉर्ड बदलावयाची. दोन ओळींमधील हे नाते कोणत्याही चिन्हाने नोंदलेले नसते. ते केवळ मोजून सोडलेल्या मोकळ्या जागांनी सांभाळलेले असते.

१९९०च्या दशकात यूजनेटवरील चर्चागटांतून असे हजारो कागद हौशी वादकांनी टंकित करून एकमेकांना पाठविले. १९९२ साली सुरू झालेल्या ‘ऑनलाइन गिटार आर्काइव्ह’ने त्यांचा मोठा संग्रह केला, संगीतप्रकाशकांच्या कायदेशीर नोटिशींनंतर तो २००६ साली बंद पडला. टंकलेखन यंत्राप्रमाणे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणाऱ्या टंकात हे कागद नीट वाचता येत. पण तोच मजकूर पुस्तकी टंकात घेतला की वरची नावे भलत्याच अक्षरावर सरकत. एकही शब्द न बदलता पाठ भ्रष्ट होई. हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिकाच्या प्रमादाने पाठभेद निर्माण होतात. येथे तो प्रमाद यंत्राच्या हातून होत होता.

यावर मार्टिन लेक्लेर्क आणि मारिओ दोरिऑन यांनी त्याच दशकाच्या आरंभी ‘कॉर्ड’ नावाच्या संगणकप्रणालीतून जो उपाय दिला, तो पुढे ‘कॉर्डप्रो’ या नावाने रूढ झाला. कॉर्डचे नाव वरच्या ओळीतून उचलून, चौकटी कंसात, ती ज्या अक्षरावर पडते त्याच्या अगोदर शब्दातच बसवावयाचे : ‘[सी]आज पा[जी]ऊस’. शीर्षक, ध्रुवपद यांसारख्या सूचना महिरपी कंसात. लिहिताना हे रूप ओबडधोबड दिसते. छापताना मात्र प्रणाली कंस काढून नाव अचूक अक्षराच्या माथ्यावर नेऊन ठेवते आणि बोटांच्या चौकटीही छापते. योहान व्रोमान्स यांनी पुढे ही प्रणाली नव्याने लिहिली. एकाच मूळ संहितेतून वृद्ध गायकासाठी मोठ्या अक्षरांचे पुस्तक किंवा निराळ्या पट्टीतील प्रत काढता येते. स्थान आता दिसण्यावर अवलंबून राहिले नाही. ते संहितेचाच भाग झाले.

अक्षरावर खूण ठेवण्याची गरज आपल्याकडे नवी नाही. सामवेदाच्या संहितेत अक्षरांच्या माथ्यावर १, २, ३ असे अंक येतात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत बंदिशी छापल्या, तेव्हा स्वरांची ओळ वर, शब्दांची खाली आणि दोहोंना बांधणारे मात्रांचे रकाने अशी रचना योजली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र-तार सप्तकांसाठी खाली-वर बिंदू, लांबविलेल्या अक्षरापुढे अवग्रह. थोड्याच जादा खुणांनी भागणारी ही लिपी खिळ्यांच्या छापखान्यालाही पेलण्याजोगी होती. येथेही नाते मोकळ्या जागेवर सोपविलेले नाही, ते मात्रेला बांधलेले आहे.

मराठी गीतांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होतो. देवनागरीत अक्षरांची रुंदी मुळातच विषम; त्यामुळे जागा मोजून कॉर्ड बसविण्याचा रोमन लिपीतील उपाय येथे फारसा टिकत नाही. म्हणून कंसाची पद्धत आपल्याला अधिक उपकारक आहे. मात्र तिलाही एक पथ्य पाळावे लागते. रोमनमध्ये कंस कोणत्याही दोन वर्णांमध्ये घालता येतो. ‘स्त्री’ या जोडाक्षराच्या पोटात तो घातला तर अक्षरच फुटते. ‘कि’मधील वेलांटी दिसते व्यंजनाच्या अगोदर, पण संगणकात साठविली जाते नंतर. म्हणजे खूण वर्णाच्या नव्हे, संपूर्ण अक्षराच्या सीमेवरच बसली पाहिजे. छंदःशास्त्राने लघु-गुरू मोजताना जे एकक मानले, त्याच्याशीच टंकजुळणीलाही अखेर जुळवून घ्यावे लागते.

या सुबक पुस्तकांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. भातखंड्यांची लिपी काल नोंदविते; कॉर्डप्रोचा कागद चाल सांगत नाही, लयही सांगत नाही. गाणे ज्याला आधीच येते त्यालाच तो वाचता येतो. सामवेदाचे अंकही गुरुमुखातून शिकलेल्यालाच गात असत. तेव्हा अशा पुस्तकाकडून गाणे जिवंत ठेवण्याची अपेक्षा करू नये. गाणाऱ्यांच्या स्मरणाला ते आधार देते, एवढेच. मात्र तो आधार तरी नकलेगणिक सरकता कामा नये. कोऱ्या जागेवर विसंबलेला अर्थ पहिल्याच नकलेत हरवू शकतो. अक्षराला बांधलेला पुढच्या वाचकापर्यंत पोहोचतो.