मॉरिशसमधील ऊसशेती

हिंदी महासागरातील मॉरिशस या ज्वालामुखीजन्य बेटावरील प्रमुख शेती. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. साखरधंद्याचा पाया मात्र फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याच्या काळात पडला. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. चक्रीवादळात इतर पिके हातची जातात, ऊस तग धरतो. तरीही त्याने सारे बेट व्यापले ते एका निर्णयामुळे : १८२५ मध्ये ब्रिटनने येथील साखरेवरची जकात जमैका, बार्बाडोस आदी कॅरिबियन बेटांच्या साखरेइतकी खाली आणली.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत भारतातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व कोकणपट्टीतील मराठी माणसे पुष्कळ होती. सुरुवातीला पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापत. शेतातले काळे दगड वेचून रचलेले मोठाले ढीग आजही उभ्या उसात दिसतात. या शेतीचा इतिहास कारखानदारांच्या नावांपासून सांगितला जातो. तो या दगडांपासून सांगायला हवा.

बीटच्या साखरेने भाव पडू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. मजुरांनी पै-पै साठवून त्या घेतल्या आणि छोट्या ऊस उत्पादकांचा वर्ग तयार झाला. मराठी कुटुंबांनी गणेशोत्सव व जाखडी याच वस्त्यांतून जपली. गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुट्टी असते.

१९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेऊ लागला. या नफ्याचा बराच भाग कापड कारखान्यांत आणि हॉटेलांत गुंतवला गेला. २००६ पासून युरोपने हा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेच्या घरात असलेले कारखाने आता तीनवर आले आहेत. ते चिपाडावर वीजही तयार करतात. तांदूळ व गहू पूर्वीप्रमाणेच बाहेरून येतो. छोट्या शेतकऱ्यांचे अनेक तुकडे पडीक पडले आहेत, कारण तोडणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी उसाच्या भावात निघत नाही.