धिप्पाड मोटारी आणि लोकांचा रोष : लाल निशाणापासून पॅरिसच्या मतपेटीपर्यंत

१/ मे २००४ मध्ये लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत शहरात फोर-व्हील ड्राइव्ह मोटारी चालवणाऱ्यांची थेट 'मूर्ख' अशी संभावना केली. महापौरपदाची निवडणूक महिन्याभरावर आली होती. निवडणुकीच्या तोंडावर मतदारांच्या एका गटाला असे संबोधणारा नेता विरळाच; तरीही ते पुन्हा निवडून आले. एका विशिष्ट मोटारीच्या चालकांविषयी लोकमत इतके कडवट का झाले होते आणि त्या कडवटपणातून अखेर काय निष्पन्न झाले, याचा हा मागोवा. #थ्रेड

२/ मोटारचालकाविषयीचा रोष मोटारीइतकाच जुना आहे. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावर धावणाऱ्या यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालणे सक्तीचे केले होते. वेगमर्यादा गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल. १८९६ मध्ये हलक्या वाहनांची या जाचातून सुटका झाली. त्यानंतर कच्च्या रस्त्यांवर धुरळा उडवत, कोंबड्या-कुत्री चिरडत निघून जाणाऱ्या श्रीमंतांविरुद्ध खेडोपाडी तक्रारी वाढू लागल्या.

३/ आज प्रत्येक वाहनावर दिसणारी नंबरप्लेट ब्रिटनमध्ये याच वातावरणात आली. १९०३ च्या मोटार कायद्याने नोंदणी क्रमांक सक्तीचा केला आणि वेगमर्यादा ताशी २० मैल ठरवली. पळून जाणारा चालक ओळखता यावा, हा नोंदणीमागील एक प्रमुख विचार होता.

४/ अटलांटिकपलीकडेही हीच अस्वस्थता होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन १९०६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. देशात समाजवादी भावना पसरवण्यास मोटारीइतके दुसरे काहीही कारणीभूत झालेले नाही, असे मत त्यांनी त्या वर्षी मांडले. शेतकऱ्याच्या नजरेत मोटार म्हणजे संपत्तीचा उद्दामपणा, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यंत्राहून यंत्रावर बसलेला माणूस लोकांना अधिक खुपत होता.

५/ स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन या डोंगराळ कँटनने तर १९०० मध्ये मोटारींवर सरसकट बंदीच घातली. ती उठवण्यासाठी पुनःपुन्हा लोकमत घेण्यात आले आणि लोकांनी पुनःपुन्हा नकार दिला. अखेर १९२५ मध्ये बंदी उठली. एका प्रांताने पंचवीस वर्षे मोटारीला दाराबाहेर उभे केले होते.

६/ अमेरिकेत १९२३ साली सिनसिनाटी शहरातील ४२,००० नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. प्रत्येक मोटारीत ताशी २५ मैलांवर वेग जाऊ न देणारे यंत्र बसवावे, ही त्यांची मागणी होती. मोटार विक्रेत्यांनी जोरदार विरोधी प्रचार केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. याच दशकात रस्ता 'कसाही' ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला हिणवणारा 'जेवॉकर' हा शब्द तेथील कायद्यांत आणि प्रचारात रुळला. दोष चाकांवरून पायांकडे सरकला.

७/ या पहिल्या पर्वाचा शेवट लक्षात ठेवण्याजोगा आहे. रस्त्यांवरील मृत्यू थांबले नव्हते. पण फोर्डच्या स्वस्त 'मॉडेल टी'मुळे मोटार सामान्यांच्या दारात आली होती. काल ज्याला शिव्या दिल्या जात, तो चालक आज घरचाच माणूस झाला. प्रश्न तसाच राहिला आणि रोष मात्र विरला.

८/ आता फोर-व्हील ड्राइव्हकडे. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपने चिखल, वाळू आणि खडक यांवर आपली ताकद सिद्ध केली. युद्धानंतर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधील अँगल्सी बेटावरील आपल्या शेतावर अशीच एक जीप वापरत. तिच्यावरून प्रेरणा घेऊन एप्रिल १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात 'लँड रोव्हर' सादर झाली. पोलाद टंचाईचे होते, म्हणून बाह्यांग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ती शेतकऱ्याची गाडी होती. तिचा राग येण्याचे कारणच नव्हते.

९/ भारतातही जीपचा इतिहास कामाच्या गाडीचाच आहे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांत जीप म्हणजे तहसीलदार, पोलीस, बांधकाम खाते किंवा निवडणुकीचा प्रचार. तिच्याविषयी धाक असे, हेवा क्वचितच.

१०/ १९७० मध्ये 'रेंज रोव्हर' आली. सुरुवातीच्या गाडीतील अंतर्भाग पाण्याच्या नळीने धुता येत असे, इतका तो साधा होता. १९८१ मध्ये चार दारांचे रूप आले. पुढे कातडी आसने आणि लाकडी सजावटही आली. शेतातील गाडी हळूहळू शहराच्या उच्चभ्रू वस्तीत स्थिरावली. लंडनच्या चेल्सी या धनिक भागावरून तिला उपहासाने नाव पडले : 'चेल्सी ट्रॅक्टर'.

११/ मात्र या मोटारींचा खरा पूर आणला तो अमेरिकी कायद्याने. तेलसंकटानंतर १९७५ मध्ये तेथे इंधनबचतीचे निकष ठरले. प्रवासी मोटारींसाठी कडक निकष : १९८५ पर्यंत गॅलनला सरासरी २७.५ मैल. 'हलके ट्रक' या वर्गाला मात्र सवलत, कारण ती शेतकरी-कारागिरांची कामाची वाहने मानली गेली. कच्च्या रस्त्यावर चालण्याजोग्या मोटारीही याच वर्गात बसल्या.

१२/ सवलती एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९७८ मध्ये इंधन उधळणाऱ्या प्रवासी मोटारींवर विशेष कर लागला. 'हलके ट्रक' त्यातूनही सुटले. १९६४ पासून आयात ट्रकांवर २५ टक्के जकात असल्याने देशी कंपन्यांना ट्रकच्या बाजारात संरक्षण होते. ट्रकच्या सांगाड्यावर कुटुंबाची मोटार चढवणे हा डेट्रॉइटसाठी मोठ्या नफ्याचा मार्ग ठरला. १९९० ची फोर्ड एक्सप्लोरर हे त्याचे ठळक उदाहरण.

१३/ २००३ मध्ये तर ६,००० पौंडांहून अवजड वाहन व्यवसायासाठी घेतल्यास १ लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. शेती-उद्योगाला साहाय्य हा हेतू. लाभ मात्र आलिशान एसयूव्ही घेणाऱ्या व्यावसायिकांनीही उचलला. २००४ मध्ये अशा मोटारींसाठी ही मर्यादा २५,००० डॉलरवर आणावी लागली.

१४/ आखाती युद्धातील 'हमव्ही'चे नागरी रूप 'हमर' १९९२ मध्ये बाजारात आले. एकविसावे शतक उजाडताना रोष उफाळू लागला. २००० मध्ये एक्सप्लोरर उलटण्याच्या अपघातांमुळे फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. या अपघातांत अमेरिकेत २०० हून अधिक बळी गेले होते. २००२ मध्ये ख्रिस्ती पर्यावरणवाद्यांनी 'येशूने कोणती मोटार चालवली असती?' अशी मोहीम चालवली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका विक्रीकेंद्रावर हमर मोटारी पेटवण्यात आल्या.

१५/ लंडनमधील विरोध अधिक विनोदी होता. कार्यकर्ते उभ्या एसयूव्हींच्या काचांवर दंडपावतीसारखे दिसणारे कागद लावत. त्यांवरचा 'गुन्हा' म्हणजे वाहनाची चुकीची निवड. २००५ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी सोलिहल येथील लँड रोव्हर कारखान्यात शिरून उत्पादन रोखले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'ले देगोंफ्ले' नावाचा गट रात्री मोटारींच्या टायरमधील हवा सोडत फिरू लागला.

१६/ या विनोदाला एक काळी बाजूही होती. वृत्तपत्रांनी उभे केलेले चित्र बहुधा एका श्रीमंत आईचे असे : मुलाला शाळेत सोडायला प्रचंड मोटार घेऊन निघालेली, वाहन नीट उभे करता न येणारी. तितकेच इंधन जाळणारी आलिशान सेडान किंवा वेगवान स्पोर्ट्स कार चालवणारा पुरुष मात्र फारसा कोणाच्या तावडीत सापडला नाही. रोषाने आपले लक्ष्य वर्ग आणि लिंग पाहून निवडले होते.

१७/ चालकांची बाजूही ऐकली पाहिजे. उंच आसनावरून रस्ता दूरवर दिसतो आणि लेकरे सुरक्षित वाटतात. शेजारचा धिप्पाड मोटार घेतो तेव्हा छोट्या मोटारीतील माणसाला असुरक्षित वाटू लागते. मग तोही मोठी घेतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता समजण्याजोगा असतो. त्या निर्णयांची किंमत मात्र मोटारीबाहेरचा माणूस मोजतो.

१८/ ही किंमत मोजलीही गेली आहे. अमेरिकेतील विमा उद्योगाच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असते, अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. बुटकी मोटार पायांवर आदळते. उंच मोटार छातीवर आणि मुलांच्या बाबतीत डोक्यावर. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी मृत्युमुखी पडले होते. २०२२ मध्ये ७,५०० हून अधिक. कारणे अनेक आहेत, पण हे त्यांतील एक.

१९/ लिव्हिंगस्टन यांनी शब्दांपलीकडे जाऊन एक नियमही मांडला. लंडनमध्ये २००३ पासून मध्यवर्ती भागात गर्दी-शुल्क होतेच. सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या मोटारींसाठी ते दिवसाला २५ पौंड करण्याची योजना २००८ मध्ये जाहीर झाली. पोर्शे कंपनीने न्यायालयात आव्हान दिले. मे महिन्यात लिव्हिंगस्टन निवडणूक हरले आणि नवे महापौर बोरिस जॉन्सन यांनी योजना रद्द केली. शिवी इतिहासात राहिली. नियम एक दिवसही लागू झाला नाही.

२०/ त्याच वर्षी टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर सुमारे २३० कोटी डॉलरला विकत घेतली. ज्या गाडीवरून लंडन भांडत होते, तिची मालकी मुंबईकडे आली.

२१/ भारतातही नियमाची रेघ कोठे ओढली जाते, हे निर्णायक ठरले. २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. पुढे कंपन्यांनी त्या मर्यादेत बसणाऱ्या 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' घडवल्या. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. महिन्याभरात महिंद्रने १.९९ लिटरचे इंजिन आणले. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का पर्यावरण शुल्क घेऊन बंदी उठली.

२२/ दरम्यान युरोपात 'चेल्सी ट्रॅक्टर' हा शब्द बोथट होत गेला. २००७ च्या सुमारास आलेल्या निसान कश्काईसारख्या मोटारींनी एसयूव्हीचा उंच बांधा साध्या मोटारीच्या पायावर आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. अनेक वर्षे ब्रिटनची सर्वाधिक खपाची मोटार असलेल्या फोर्ड फिएस्टाचे उत्पादन जुलै २०२३ मध्ये बंद झाले. त्या वर्षी जगभरच्या मोटारविक्रीत एसयूव्हींचा वाटा जवळपास निम्मा होता.

२३/ मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये 'टायर एक्स्टिंग्विशर्स' हा गट पुढे आला. टायरच्या व्हॉल्व्हमध्ये मसुराचा दाणा अडकवून हवा सोडायची आणि काचेवर पत्रक ठेवायचे, ही त्यांची रीत. राग व्यक्तीवर नसून मोटारीवर आहे, असे त्या पत्रकात लिहिलेले असे. पण सकाळी कामाला निघताना चारचाकी जमिनीला टेकलेली पाहणाऱ्याला हा भेद पटणे अवघडच.

२४/ पॅरिसने दुसरा मार्ग धरला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी अवजड मोटारींचे पार्किंग शुल्क तिप्पट करावे का, यावर मतदान झाले. सुमारे ५४.५ टक्के मते बाजूने पडली. बाहेरून येणाऱ्यांसाठी मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो, १.६ टनांहून अवजड इंधनमोटारी आणि २ टनांहून अवजड विजेच्या मोटारी त्यात आल्या. मतदान केवळ ६ टक्क्यांच्या आसपास झाले आणि ज्या उपनगरवासीयांना शुल्क भरायचे, त्यांना मताधिकार नव्हता. या त्रुटी खऱ्या आहेत. तरीही ऑक्टोबर २०२४ पासून हा नियम लागू झाला.

२५/ या दीर्घ इतिहासात चालकाला हिणवल्याने मोटारी कमी झाल्याचे दिसत नाही. मोटार दुर्मीळ असते तेव्हा रोष तीव्र असतो, पण तो माणसावर खर्च होतो; मोटार घरोघरी पोहोचते तेव्हा प्रश्न सर्वांत मोठा असतो आणि रोष नाहीसा झालेला असतो. मोटारींचा आकार घडवला तो वजन, लांबी, इंजिन आणि वर्ग यांविषयी कायद्यात लिहिलेल्या दोन-चार ओळींनी. त्या लिहिल्या जात असताना रस्त्यावर घोषणा देणारे फारसे कोणी नव्हते. रस्ता पायी ओलांडणाऱ्याच्या जिवाचा निर्णय मात्र बराचसा त्या ओळींतच होत होता.