किती दगावले? आणि कितीपैकी?

घरातलं माणूस दवाखान्यातून बरं होऊन आलं, की बघायला येणाऱ्या बायका काय विचारतात? डॉक्टर कोण होते आणि बिल किती झालं. सिस्टरबाईंचा विषय निघालाच तर ती खेकसत होती किंवा तिचा हात हलका होता, सुई टोचलेली कळली नाही, एवढंच. पण रात्री तीन वाजता सलाइन बदललं कोणी, कूस बदलून दिली कोणी, ताप पाहून कागदावर लिहिला कोणी, याची मोजदाद कुठंच नसते. स्वयंपाकघरातल्या कामासारखंच आहे हे. नीट झालं तर दिसत नाही, चुकलं की बोंब.

हे काम मोजता येतं का? शुश्रूषा चांगली झाली म्हणून माणूस वाचला, असं आकड्यांत सांगता येतं का? दीडशे वर्षांपूर्वी एका बाईनं हा प्रश्न धरून ठेवला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी बाई. ते चित्र खरंच आहे. पण त्या दिव्याच्या उजेडात तिची वही झाकली गेली, असं मला वाटतं. आज त्या वहीबद्दल बोलू.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १८२० चा, श्रीमंत इंग्रज घरातला. लहानपणापासून गणिताची आवड. इंग्लंड आणि रशियाचं क्रिमियात युद्ध सुरू झालं, तेव्हा ३८ परिचारिका घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथं पोचल्या. आजच्या इस्तंबूल शहराचा तो भाग. तिथल्या एका मोठ्या बराकीचं लष्करी रुग्णालय केलेलं होतं. सैनिक जमिनीवर पडलेले, अंगावर उवा, प्यायला घाण पाणी, इमारतीच्या खालून तुंबलेली गटारं. बायकांनी स्वयंपाक लावला, कपडे धुवायची सोय केली, जखमा स्वच्छ केल्या.

पुढची गोष्ट पुस्तकांत सहसा घाईनं उरकली जाते. परिचारिका आल्या नोव्हेंबरात, आणि मृत्यू लगेच कमी झाले नाहीत. उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्या काळच्या हिशेबाप्रमाणे शंभरातले ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये सरकारनं पाठवलेलं स्वच्छता मंडळ तिथं पोचलं. त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं हलवली, पाण्याची वाट साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभराला दोनच्या आसपास आलं. थंडी सरली, आघाडीवरून येणारे सैनिकही आधीइतके खंगलेले नव्हते, हेही त्यात धरायला हवं.

म्हणजे नुसत्या प्रेमळ शुश्रूषेनं ते सैनिक वाचत नव्हते. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईला हे मान्य करणं सोपं नसणार. सगळा देश तिला देवी म्हणत होता. घरी परतल्यावर ती सत्कार टाळून आकड्यांपाशी बसली. विल्यम फार नावाचे सरकारी आकडेतज्ज्ञ तिच्या मदतीला होते. स्कुटारीत मृत्यूंची नोंद तीन ठिकाणी व्हायची आणि तिन्ही आकडे वेगळे निघायचे, हे तिनं तिथंच पाहिलं होतं. आपल्या गटाची वही, बँकेचं पासबुक आणि ग्रामसंघाचं रजिस्टर जुळलं नाही की आपली जी गत होते, तीच. फरक इतकाच, की तिथं जुळत नव्हती ती माणसं होती.

त्या हिशेबातून तिनं एक चित्र काढलं, १८५८ मध्ये छापलेलं. वर्तुळाचे बारा भाग, बारा महिन्यांचे. टाळता येण्याजोग्या रोगांनी गेलेले निळ्या रंगात, जखमांनी गेलेले लाल, बाकीचे काळ्या रंगात. भाग जेवढा पसरलेला, तेवढे मृत्यू जास्त. लाल रंग बोटभर आणि निळा पानभर. शत्रूच्या गोळीनं मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्याच छावण्यांत आणि रुग्णालयांत रोगानं मेले, हे मंत्र्याला लांबलचक अहवाल न वाचता कळावं म्हणून हा उपद्व्याप. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. तोपर्यंत तिथं एकही बाई नव्हती.

मग तिनं रुग्णालयांचा हिशेब हाती घेतला. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीनं नोंद ठेवायचं, तुलना करायची सोयच नव्हती. १८६० मध्ये लंडनला आकडेतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं तिनं सगळ्या रुग्णालयांसाठी एकच तक्ता मांडला. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, नवे किती आले, बरे होऊन किती गेले, बरे न होता किती गेले, किती दगावले, शेवटी किती उरले आणि सरासरी किती दिवस राहिले. आपल्या रोकडवहीसारखंच: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. बरे न होता गेलेल्यांचा रकाना तिनं मुद्दाम ठेवला, कारण मरणाऱ्या माणसाला आधीच घरी पाठवून दिलं की रुग्णालयाचा आकडा सुंदर दिसतो. ही युक्ती आजही जुनी झालेली नाही.

इथंच एक गंमत झाली, आणि बचत गट चालवणाऱ्या बाईला ती लगेच समजेल. १८६३ मध्ये तिनं रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढली. त्यात फारसाहेबांचा एक तक्ता होता: लंडनच्या २४ रुग्णालयांत १८६१ साली मृत्यूचं प्रमाण शंभराला ९० हून जास्त! वाचणाऱ्याला वाटावं, आत गेलेला माणूस बाहेर येतच नाही. डॉक्टर मंडळी खवळली, आणि त्यांचं बरोबर होतं. वर्षभरात मृत्यू झाले होते ३,८२८. त्यांना भागलं होतं ४,२१४ नं, आणि हे ४,२१४ म्हणजे त्या वर्षी एप्रिलच्या एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण. पण एका खाटेवर वर्षात एकच रुग्ण थोडाच झोपतो? समजा शंभर खाटा आहेत, प्रत्येकीवर वर्षात दहा जण येऊन गेले, आणि एकूण शंभर दगावले. खाटांनी भागलं तर मृत्यू शंभर टक्के. रुग्णांनी भागलं तर दहा टक्के. मेलेली माणसं तेवढीच.

आपल्याकडे कर्जफेडीचं असंच होतं. परतफेड ९८ टक्के म्हणतात, तेव्हा मी विचारते, कशाच्या ९८ टक्के? या महिन्याच्या हप्त्याच्या, की मागच्या थकबाकीसकट? वरचा आकडा सगळे बघतात. खालचा कोणी विचारत नाही.

पण आकड्यांचा सगळ्यात अवघड हिशेब पुढेच होता, आणि तो बाळंतिणींचा. खेड्यांतल्या गरीब बायकांसाठी शिकलेल्या सुइणी तयार व्हाव्यात म्हणून नाइटिंगेलबाईंच्या नावानं जमलेल्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक बाळंतीण-कक्ष सुरू केला गेला. चांगला हेतू, चांगल्या शिकवणाऱ्या, स्वच्छ चादरी. १८६२ ते १८६७ या सहा वर्षांत तिथं ७८० बाळंतपणं झाली आणि २६ बायका गेल्या. हजाराला ३३. त्याच काळात सगळ्या इंग्लंडचं, म्हणजे झोपडीतल्या आणि वाड्यातल्या सगळ्या बाळंतपणांचं, प्रमाण हजाराला पाचच्या आसपास होतं.

कारण होतं बाळंतज्वर. एकीचा रोग दुसरीला लागायचा. एकाच खोलीत ओळीनं बाळंतिणी, त्याच हातांनी सगळ्यांची तपासणी. जंतूंचं शास्त्र तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. वही मात्र सांगत होती, की घरी राहिली असती तर यांतल्या बहुतेक जणी वाचल्या असत्या. १८६७ मध्ये तो कक्ष बंद केला गेला. आपल्याच निधीतून उभारलेलं, आपल्याच नावाचं काम! पुढे १८७१ मध्ये तिनं त्यावर पुस्तक लिहिलं, आकडे लपवले नाहीत, आणि बाळंतिणींना एकत्र न ठेवता लहान, वेगळ्या खोल्यांत ठेवावं असं सुचवलं. दिव्यापेक्षा ही बाई मला इथं मोठी वाटते.

आपल्या देशाशीही तिचा संबंध आला. ती इथं कधी आली नाही. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचं मृत्यूचं प्रमाण हजाराला ६९ होतं, ते का, हे शोधणाऱ्या आयोगासाठी तिनं छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. अहवाल आला १८६३ मध्ये. पाणी, गटारं आणि बराकी सुधारल्यावर दहा वर्षांत हे प्रमाण हजाराला १८ वर आल्याचं तिनं १८७३ मध्ये लिहिलं. नंतर तिचं लक्ष इथल्या खेड्यांकडे वळलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेबद्दल तिचा पत्रव्यवहार होता.

आणि नर्सबाईंचं स्वतःचं काम? तेही ती विसरली नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्या तर बहुतेक वेळा दोष रोगाचा नसून शुश्रूषेचा, असं तिचं मत होतं. आज जगभरच्या रुग्णालयांत अशा जखमा आणि खाटेवरून पडण्याचे प्रसंग मोजतात ते याच विचारानं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण जास्त दिला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. सरकारी दवाखान्यात पन्नास रुग्णांमागे एकच सिस्टर धावताना दिसली, की ती का खेकसते याचा विचार करताना हा आकडा आठवा.

आता आपल्या गडचिरोलीत या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात बाळं जात होती, हजार जन्मांमागे ६० च्या आसपास. दवाखाना दूर. संस्थेनं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत म्हटलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं, एवढं सगळं शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या दायांना मिनिटभराचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं साधन त्याआधीच केलेलं होतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शेजारच्या ४७ गावांत हे काम केलं नाही, पण तिथले जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत मृत्यूचं प्रमाण ६२ वरून २५ वर आलं होतं. बाकीच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिलं. त्या ४७ गावांचा हिशेब नसता, तर कोणीही म्हणालं असतं की यंदा पाऊस बरा झाला, रस्ते झाले, म्हणून बाळं वाचली. स्कुटारीत नेमकी हीच अडचण होती. तिथं दुसरं गाव नव्हतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे निष्कर्ष छापून आले, आणि थोडंफार शिकलेल्या बायकांच्या हाताचं काम जगाला आकड्यांत दिसलं.

२०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. दर भेटीला फॉर्म भरायचा: वजन, ताप, दूध ओढतंय की नाही, आईला रक्तस्राव आहे का. गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना तो कोरा फॉर्म घेऊन बोलवा आणि रकाना-रकाना वाचून घ्या. घरात बाळंतीण असेल त्या घरच्या सासूलाही सोबत बसवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी आशाताई आल्यावर ‘बाळ झोपलंय, नंतर या’ असं दारातूनच ऐकावं लागणार नाही.