पानिपतचा उपरी

पानिपत शहराविषयीच्या सरकारी माहितीत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे. गावातील मोठ्या तलावाच्या काठी देवीचे मंदिर असून त्याच्या शेजारचे शिवालय मंगल रघुनाथ नावाच्या एका मराठ्याने बांधले असे मानतात. हा गृहस्थ लढाईनंतर पानिपतातच राहिला होता. एवढेच. माझ्या नोकरीचा काही काळ हरियाणात गेला, त्या वेळी या वाक्याशी मी बराच अडखळलो. पानिपतावर मराठीत जे विपुल लेखन झाले आहे ते पडलेल्यांविषयी व परतलेल्यांविषयी आहे. राहिलेल्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. शिवाय महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला असे वाक्य वाचले की प्रथम सुचतो तो प्रश्न रणांगणाचा नसतो, दप्तराचा असतो: परक्या मुलखात हा मनुष्य राहिला तो कोणत्या हक्काने?

१४ जानेवारी १७६१ नंतर जे वाचले त्यांचे मार्ग साधारणपणे ठाऊक आहेत. भरतपूरच्या सूरजमल जाटाने आपल्या मुलखात आलेल्यांना अन्नवस्त्र देऊन दक्षिणेकडे वाटेस लावले. महादजी शिंदे पायाला कायमची जखम घेऊन राणेखान नावाच्या भिस्त्याच्या साहाय्याने निसटले. नाना फडणीस जीव वाचवून परतले व पुढे त्यांनी ती हकीकत स्वतः लिहून ठेवली. स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने कैद होऊन अफगाणांबरोबर गेली. बलुचिस्तानातील बुगटी टोळीत ‘मराठा’ म्हणवणारा एक वर्ग आहे व तो आपले मूळ या कैद्यांशी जोडतो. खुद्द हरियाणात पानिपत, कर्नाल, कैथल या पट्ट्यातील रोड समाजापैकी अनेकजण स्वतःस ‘रोड मराठा’ म्हणवून घेतात. कोल्हापूरच्या वसंतराव मोरे यांच्या लेखनाने या समजुतीला बळ मिळाले. मला स्वतःला ती इतिहास म्हणून पटत नाही. लढाईनंतर सव्वाशे वर्षांच्या आत डेन्झिल इबेट्सन या अधिकाऱ्याने रोडांची परंपरा टिपली, तेव्हा त्यांनी आपले मूळ झज्जरजवळच्या बादली गावाचे सांगितले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यासही त्यांचे नाते वायव्येकडील लोकसमूहांशीच दाखवतो. तरीही दरवर्षी संक्रांतीला काला आंब येथे ज्या आपुलकीने ही मंडळी जमतात ती खोटी ठरत नाही. आपलेपणा सांगणे आणि हक्क शाबीत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रशासनाचा संबंध दुसरीशी येतो.

हक्काच्या दृष्टीने पाहायचे तर आपल्याकडील दोन जुने शब्द उपयोगी पडतात. पेशवाईतील गावात मिरासदार, ज्याला काही ठिकाणी थळकरी म्हणत, आणि उपरी असे जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. त्यावर सारा भारी असे, पण गावच्या मानपानात व निवाड्यात त्याला जागा असे. उपरी बाहेरून आलेला, ठरावीक मुदतीच्या किंवा वर्षाच्या कौलावर जमीन करणारा. त्याचा सारा पुष्कळदा हलका, मात्र पुढच्या वर्षी कौल मिळेलच असे नाही, आणि गावच्या बैठकीत त्याला बोलण्याचा अधिकार नाही. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की गाव सोडून परागंदा झालेला मिरासदार दीर्घकाळाने परत आला तरी आपली मिरास मागू शकत असे. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल दिला त्यात मिराशीच्या या चिवट स्वरूपाची नोंद आहे.

पानिपतच्या बाजूला याच विषयाचा उत्तम दस्तऐवज म्हणजे वर उल्लेखलेल्या इबेट्सनचा पानिपत तहसील व कर्नाल परगण्याच्या जमाबंदीचा अहवाल. काम १८७२ ते १८८० या काळात झाले व अहवाल १८८३ साली छापला गेला. जमाबंदी अधिकाऱ्याने गाव कसे वाचावे याचा तो नमुना आहे. आजच्या प्रशिक्षणार्थींना तो वाचावयास लावला पाहिजे, असे माझे जुने मत आहे. या भागातील पुष्कळ गावे भाईचारा पद्धतीची. जमीन एका मूळ पुरुषाच्या वंशजांची, आणि गावात राहणे म्हणजे त्या वंशात असणे. मुली बाहेरच्या गावी द्यायच्या, सुना बाहेरच्या गावांतून आणायच्या. मुलीच्या सासरी वडीलधाऱ्यांनी पाणीसुद्धा पिऊ नये, असा कडक संकेत. अशा व्यवस्थेत जावयाने बायकोच्या गावी येऊन राहणे म्हणजे सगळे गणित उलटे करणे.

तरी तसे घडत असे. पंजाबच्या रूढिकायद्यात अशा जावयाला ‘खाना दामाद’ म्हणत. आपण घरजावई म्हणतो, आणि दोन्हीकडे शब्दात थोडी कुचेष्टा आहेच. १८७२ च्या पंजाब लॉज ॲक्टने वारसा, विवाह, दान आदी बाबतींत रूढीला प्रमाण मानले, त्यामुळे अधिकाऱ्यांना घरजावयाचा हक्क नेमका कोठवर, हे गावोगाव विचारून लिहून ठेवावे लागले. त्याचे सार सर्वसाधारणपणे असे होते. सासऱ्याने वाडवडिलार्जित जमीन मुलीला किंवा जावयाला द्यायची तर भाऊबंदांची हरकत मोठी. दिलीच, तर ती त्या मुलीच्या वंशासाठी. तो वंश खुंटला की जमीन फिरून सासऱ्याच्या भाऊबंदांकडे जायची. जावई आयुष्यभर नांगर धरील, विहीर बांधील, म्हातारा होईल. कागदोपत्री त्याचे अस्तित्व पत्नीमार्फत व मुलांमार्फत. पत्नी निपुत्रिक वारली तर त्याच्या पायाखाली काय उरते, हा प्रश्न कोर्टांपुढे वारंवार आला. पुढे १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्याने शेतकरी जमातींच्या यादीबाहेरच्या माणसाला जमीन विकत घेणेही दुरापास्त केले. ही बंधने स्वातंत्र्यानंतर गेली, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वारशातील रूढीचा अंमल बव्हंशी संपवला.

पानिपताने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. फाळणीच्या वेळी हे कवी हालीचे गाव, बू अली शाह कलंदराच्या दर्ग्याचे गाव, मोठ्या मुस्लिम वस्तीचे होते. त्यांनी जाऊ नये म्हणून गांधीजी १९४७ च्या नोव्हेंबरात व पुन्हा डिसेंबरात येथे येऊन गेले. तरी बहुतेक गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची मिरास ‘निष्क्रांत मालमत्ता’ या एका शिक्क्याखाली आली आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांना वाटली गेली. आजच्या हातमाग-गालिच्यांच्या पानिपतचा मोठा भाग या निर्वासितांनी उभारला. मिरास किती अभेद्य असते याचे उत्तर शेवटी त्या त्या वेळचे सरकार देते.

हे सारे मला नव्याने आठवण्याचे कारण वेगळेच घडले. माझ्याहून काही वर्षांनी धाकटे असलेले एक मराठी गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी थाई. (सरकारी नोकराने परदेशी नागरिकाशी विवाह केल्यास सरकारला तत्काळ कळवावे लागते, वर्तणूक नियमांत तशी स्वतंत्र तरतूद आहे, ती त्यांनी यथाकाल पाळली होती.) पत्नीच्या माहेरी, उत्तर थायलंडमध्ये, घर बांधून राहण्याचा त्यांचा बेत होता, आणि ‘बायकोचाच देश आहे, अडचण काय येणार’ असे ते निश्चिंतपणे म्हणत. मी त्यांना तेथील नियम वाचावयास सांगितले, व कुतूहलाने स्वतःही वाचले. वाचता वाचता मला इबेट्सनचा अहवाल पुन्हा हाती घेतल्यासारखे वाटू लागले.

थाई नागरिकाच्या पतीला त्या नात्याने मिळतो तो एक वर्षाचा कौल. बिगर-स्थलांतरित ‘ओ’ वर्गाच्या व्हिसावर जायचे, मग थाई बँकेत चार लाख बाट ठेवल्याचा किंवा दरमहा चाळीस हजार बाट उत्पन्नाचा पुरावा देऊन मुक्काम वर्षभर वाढवून घ्यायचा, आणि हे दरवर्षी. विवाह खरोखर नांदता आहे हे दाखवण्यासाठी घरातील छायाचित्रेही जोडावी लागतात. पन्नाशी उलटलेल्यास दुसरा मार्ग निवृत्तीचा: आठ लाख बाट ठेव किंवा दरमहा पासष्ट हजार उत्पन्न. यात पत्नीचा संबंध नाही, पण नोकरी करण्यास पूर्ण मनाई. २०२२ पासून दहा वर्षांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा निघाला आहे; त्यातील निवृत्तांच्या वर्गासाठी सर्वसाधारण अट वर्षाला ऐंशी हजार डॉलर उत्पन्नाची, म्हणजे आपल्या पेन्शनरांनी त्याकडे पाहू नये. कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्याला दर राष्ट्रीयत्वामागे वर्षाला शंभरांची मर्यादा. कोणत्याही वार्षिक कौलावर दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, आणि पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकले की कौल रद्द. घराच्या नोंदवहीचेही दोन रंग आहेत: थाई नागरिकांची निळी, परकीयांची पिवळी. मिरासदार आणि उपरी यांच्या इतक्या स्वच्छ वेगळ्या वह्या पेशवे दप्तरातही नसतील.

जमिनीचे तर विचारूच नका. परदेशी माणसाला तेथे जमीन घेता येत नाही. पत्नीच्या नावे घ्यायची असेल तर भूमी कार्यालयात पतीने लिहून द्यावे लागते की हा पैसा सर्वस्वी पत्नीचा आहे, यात माझा भाग नाही. पेन्शनच्या रकमेतून घेतलेल्या जमिनीवर स्वहस्ते पाणी सोडायचे! इमारतीतील सदनिका मात्र परकीयांच्या ४९ टक्के मर्यादेत स्वतःच्या नावे घेता येते. भाडेपट्टा जास्तीत जास्त तीस वर्षांचा. आजीव उपभोगाचा हक्क नोंदवता येतो, आणि घरजावयाला तोच खरा आधार. पण पतिपत्नींनी आपसात केलेला करार विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर वर्षभरात, दोघांपैकी कोणीही रद्द करू शकतो, अशी त्यांच्या दिवाणी संहितेत तरतूद आहे.

पत्नी आधी वारली, तर विवाहाच्या आधारावरील मुक्कामाचा पायाच जातो. गृहस्थांना निवृत्तीच्या वर्गात स्वतंत्रपणे पात्र व्हावे लागेल, आणि वारशाने आलेली जमीन ठरावीक मुदतीत विकावी लागेल. वंश खुंटला की जमीन भाऊबंदांकडे, या पानिपती रूढीचेच हे थाई भाषांतर. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘म्हणजे दुःख करायलासुद्धा आधी बँकेत आठ लाख असले पाहिजेत.’

मात्र थाई सरकारला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले दप्तर उघडून पाहावे. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड २०१५ च्या दुरुस्तीनुसार मिळू शकते. विवाह नोंदलेला व सलग दोन वर्षे टिकलेला हवा. कार्ड मिळाले की आजीव व्हिसा, नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या नाहीत. थायलंडच्या मानाने हे खचितच उदार आहे. परंतु त्याच कायद्यात विवाह विसर्जित झाल्यास कार्ड रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कार्ड नसलेल्या परदेशी जोडीदाराला व्हिसावर राहून नोंदणी करावी लागते; १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली, त्यातही हे तत्त्व कायम आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या मराठी माणसाचेही तसेच: तो गाव सोडलेला मिरासदार, पण त्याची मिरास जुन्या परागंदा मिरासदाराइतकी भरभक्कम राहिलेली नाही. आजोबांची शेती वारशाने येईल. शेजारचे वावर विकत घेता येणार नाही.

आमच्या गृहस्थांनी अखेर दोन्ही दोर राखले. त्यांनी भारतीय पारपत्र ठेवले, पत्नीचे ओसीआय कार्ड करून घेतले, पुण्यातील सदनिका विकली नाही, आणि थायलंडमध्ये विवाहाऐवजी सुरुवातीपासूनच निवृत्तीच्या आधारावर मुक्काम वाढवला. पैसा दुप्पट अडकला, पण कौल स्वतःच्या नावाचा झाला. परदेशी जोडीदाराच्या देशात निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी, देश कोणताही असो, हा फरक आधी तपासावा.

एक उपचार मात्र कोणत्याही देशात गेले तरी सुटत नाही, तो हयातीच्या दाखल्याचा. सदाशिवरावभाऊंचा मृत्यू निर्विवाद शाबीत झाला नाही म्हणून पार्वतीबाईंनी १७८३ साली मरेपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही, आणि भाऊ म्हणवणाऱ्या एका तोतयाने राज्याला वर्षानुवर्षे जेरीस आणले. १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा तो खटला मिटला. आजच्या पेन्शनरासाठी नियम सोपा आहे. दरवर्षी नोव्हेंबरात दाखला द्यायचा. परदेशात असल्यास भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते, आणि २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या संगणकीय दाखल्याचीही सोय आहे. बँकॉकची वकिलात त्यांच्या गावापासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर असल्याने त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आहे.