द सेकंड कमिंग

द सेकंड कमिंग : मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या रॉक बँडचा दुसरा अल्बम (१९९०). भाषा इंग्रजी. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर व जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बेस) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) ही या बँडची त्या काळातली ओळखीची नावे. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या अनेकांना या अल्बममधले एखादे गाणे ठाऊक असते, पण अल्बमवरचे बँडचे नाव अनोळखी वाटते.

पार्श्वभूमी : रॉक मशीनची स्थापना १९८४ मध्ये झाली. मुंबईत त्याआधीही रॉक वाजत होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिमला बीट’ या स्पर्धेतल्या बँडच्या तबकड्या निघाल्या होत्या. १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा ब्रिटिश बँड धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर वाजवून गेला होता. तरीही बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी, हीच समजूत पक्की होती. कॉलेजच्या महोत्सवात ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश बँडचे गाणे मुळाबरहुकूम वाजले की टाळ्या मिळत. स्वतःचे गाणे सुरू केले की श्रोते चहाला उठत. १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि इथल्या बँडना दरवर्षी हमखास गर्दी मिळू लागली. सवयी मात्र लगेच बदलल्या नाहीत.

रॉक मशीनचा पहिला अल्बम ‘रॉक एन रोल रेनेगेड’ १९८८ मध्ये सीबीएस कंपनीने काढला. सर्वस्वी स्वरचित गाण्यांचा पहिला भारतीय रॉक अल्बम असा त्याचा उल्लेख सर्रास होतो. सत्तरच्या दशकातल्या बँडची स्वतःची गाणी लक्षात घेता हा मान थोडा हात राखूनच द्यावा लागतो. तरी मोठ्या कंपनीने एका देशी बँडच्या स्वतःच्या गाण्यांवर पैसे लावले, एवढे निर्विवाद.

महत्त्वाकांक्षा : पहिला अल्बम निघणे ही कोणाही बँडच्या बाबतीत हौसेची गोष्ट ठरू शकते. दुसरा काढायचा तर श्रोता परत येईल असे मानावे लागते, आणि १९९० मध्ये तसे मानायला आधार फार थोडा होता. उपग्रह वाहिन्या आल्या नव्हत्या. खासगी एफएम दहा वर्षांहून अधिक दूर होते. दूरदर्शनचे पडदे आणि कॅसेटच्या दुकानांतली फळी चित्रपटसंगीताच्या ताब्यात होती. अशा बाजारात एका बँडने दुसऱ्यांदा केवळ स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन उभे राहावे, यातच या अल्बमचे धाडस आहे. संगीताची मोडतोड करून नवे काही घडवणारा हा अल्बम नाही. त्याचा पाया ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी-ब्रिटिश हार्ड रॉकचाच आहे. फरक रचनेत आहे. पहिल्या अल्बममध्ये ताकद दाखवण्याची घाई होती. इथे चाल, कोरस आणि कीबोर्ड यांना जागा मिळाली आहे. ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणे त्याचा उत्तम पुरावा.

आजच्या अर्थाने या बँडला ‘इंडी’ म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. पाठीशी रेकॉर्ड कंपनी असलेला बँड काटेकोर व्याख्येत बसत नाही. पण भारतात स्वतंत्र संगीताची हद्द कंपनीपेक्षा चित्रपटाने आखली, आणि त्या हद्दीच्या बाहेर हा बँड नक्कीच उभा होता.

श्रोत्यांचा प्रतिसाद : तो सरळ नव्हता. महानगरांतल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी अल्बम उचलून धरला. त्याबाहेर तो फारसा पोचला नाही. पोचण्याचे साधन एक वर्षाने आले. १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही एशिया भारतात दिसू लागली. तिला इथले काही दाखवायचे होते, आणि इंग्रजीत गाणारा, व्हिडिओ असलेला बँड तयारच होता. ‘प्रिटी चाइल्ड’ या मार्गाने देशभर पाहिले गेले. पुढे एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मानही त्याला मिळाला, तोवर बँडचे नाव इंडस क्रीड झाले होते. म्हणजे ज्या श्रोत्याच्या भरवशावर अल्बम काढला, तो श्रोता अल्बमनंतर आला, आणि तोही कॅसेटच्या दुकानातून नव्हे तर केबलच्या तारेतून.

कोकणातून पाहिले तर हे अंतर अधिक स्पष्ट दिसते. त्या काळात रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली ती १९९८ मध्ये. मुंबईचे संगीत येई ते एसटीतून, चाकरमान्याच्या पिशवीतल्या कॅसेटींबरोबर, आणि त्यांत इंग्रजी रॉक असण्याचा संभव कमीच. इलेक्ट्रिक गिटार इथल्या प्रेक्षकाला परिचित होती, पण गणपतीतल्या ऑर्केस्ट्रामुळे. तिथेही फर्माईश असे ती माहीत असलेल्या सिनेमाच्या गाण्याची. गंमत अशी की याच जिल्ह्यातल्या जाखडी या लोककलेत, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात, शाहीर दरवर्षी नवी गाणी रचतो आणि समोरचे लोक रात्रभर बसून ती ऐकतात, दाद देतात, सवालाला जबाब मागतात. चाल पुष्कळदा सिनेमाची असते, शब्द मात्र कोरे. तेव्हा नवे गाणे ऐकून घेण्याची तयारी मराठी श्रोत्याकडे नव्हती, असे म्हणता येत नाही. रॉक मशीनच्या वाट्याला ती आली नाही याचे कारण भाषा हेच दिसते. या अल्बममध्ये मुंबई आहे, पण ती इंग्रजीतली आहे. गिरगाव-परळ तिच्या ऐकण्याच्या टप्प्यात नव्हते, मग रत्नागिरी कुठून असणार?

टीकाकारांचा ठरलेला आक्षेप नक्कलेचा: गाणी स्वतःची, पण आवाज उसना. तो खोटा नाही. पण तो घेताना हेही पाहावे की परक्या साच्यात स्वतःचे गाणे ओतण्याचा टप्पा पुढच्या जवळजवळ प्रत्येक भारतीय बँडला ओलांडावा लागला. मुंबईचाच ‘पेंटाग्राम’ १९९६ च्या पहिल्या अल्बमनंतर २००२ च्या ‘अप’ या दुसऱ्या अल्बममध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला. अशा वळणाची मोकळीक त्याला मिळाली, कारण स्वतःचे गाणे वाजवण्याचा वाद तोवर निकालात निघाला होता.

नंतरचा काळ : इंडस क्रीड १९९७ मध्ये थांबला. बेनेगल आणि गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ या नावाखाली भारतीय वाद्ये व सूर रॉकमध्ये मिसळून पाहिले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवला आणि त्या पट्ट्यात सापडलेल्या रंगभवनाच्या उघड्या रंगमंचावरचे रॉक बंद पडले. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले; रशद मिस्त्री (बेस) आणि जय रो कवी (ड्रम) हे नवे सोबती घेऊन त्यांनी २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला.

इतिहासात मान पहिल्या अल्बमला मिळतो, तो ‘पहिला’ म्हणून. गाणी म्हणून ऐकायची असतील तर दुसरा अल्बम सरस आहे. नव्या श्रोत्याने ‘प्रिटी चाइल्ड’पासून सुरुवात करावी आणि लगेच ‘इव्हॉल्व्ह’ लावावा.