निळ्या डगल्यातली मुले

जेवणे आटोपली की तो मुलगा मेजावर उरलेले चरबीचे तुकडे गोळा करायचा. उकडलेल्या बीफची ती पांढरी चरबी शाळेत कोणी तोंडाला लावत नसे; ती खाणारा म्हणजे पिशाच, अशी मुलांची ठाम समजूत. हा मात्र तुकडे वेचून पलंगाशेजारच्या पेटीत ठेवी. रात्री चोरून खातो की काय म्हणून मुलांनी पाळत ठेवली, पण खाताना तो कुणाला दिसला नाही. मग सुटीच्या दिवशी निळ्या चौकड्यांच्या रुमालात काहीतरी बांधून तो शाळेबाहेर जाताना दिसला. भिकाऱ्यांना विकत असेल, असे कुणीतरी म्हणाले. त्याच्याशी बोलणे बंद झाले, खेळणे बंद झाले. अखेर दोन मुले त्याच्या मागोमाग गेली. चॅन्सरी लेनमध्ये असतात तशा एका जुनाट इमारतीचे चार जिने चढून त्याने दार वाजवले, ते फाटक्या कपड्यांतल्या एका म्हातारीने उघडले. पुढे चौकशीत कळले, की ते त्याचे आईबाप; एके काळचे बऱ्या स्थितीतले, आता अन्नाला महाग. शाळेच्या विश्वस्तांनी त्या कुटुंबाला मदत केली आणि मुलाला रुप्याचे पदक दिले.

ही हकीकत चार्ल्स लॅम्बने १८२०मध्ये लिहिलेल्या निबंधात आहे. शाळेचे नाव ख्राइस्ट्स हॉस्पिटल. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वडिलांना वाचून दाखवली होती. ते पुण्यात वार लावून शिकले. सात दिवस, सात घरे. त्यांतल्या सहा घरांविषयी ते भरभरून बोलत; सातव्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठत. गोष्ट ऐकून ते एवढेच म्हणाले, ‘पदक सगळ्यांसमोर दिलं असणार. काय गरज होती?’ या शाळेच्या इतिहासात मी जे शोधत राहिलो ते बहुधा त्या प्रश्नाचे उत्तर.

नावातले हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे. जुन्या इंग्रजीत निराश्रितांना थारा देणारी जागा ती हॉस्पिटल. आपल्या अन्नछत्राच्या आणि धर्मशाळेच्या जवळची कल्पना. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्यांत लंडनमधल्या न्यूगेट स्ट्रीटवरचा ग्रेफ्रायर्स हा फ्रान्सिस्कन साधूंचा मठही गेला. मठांबरोबर गोरगरिबांना मिळणारा आधारही गेला आणि रस्ते पोरक्या मुलांनी भरले. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्यासमोर बिशप रिडलीने गरिबांविषयी प्रवचन केले, राजाने लंडनच्या महापौराला पत्र धाडले, शहरातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी जमवली आणि नोव्हेंबर १५५२मध्ये त्या रिकाम्या मठात ३८० मुले घेतली गेली. राजाने सनदेवर सही केली जून १५५३मध्ये. पुढच्याच महिन्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो वारला. संस्थापक म्हणून नाव त्याचे लागले. पैसा आणि मेहनत मात्र शहराची. आपल्याकडच्या संस्थांच्या कोनशिला पाहिल्या म्हणजे याचे नवल वाटत नाही.

पहिल्या नाताळात ही मुले मिरवणुकीसाठी रस्त्याच्या कडेला उभी केली, तेव्हा त्यांच्या अंगावर तांबूस-करड्या रंगाचे कपडे होते. पुढच्या ईस्टरला ती निळ्यात आली, आणि तेव्हापासून आजतागायत निळ्यातच आहेत. घोट्यापर्यंत लांब निळा डगला, कमरेला चामडी पट्टा, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, गुडघ्यापर्यंतची विजार आणि पिवळे पायमोजे. पिवळ्या रंगाला उंदीर बिचकतात म्हणून मोजे पिवळे, अशी दंतकथा शाळेत सांगतात. निळ्याचे कारण जास्त साधे आहे. निळा रंग स्वस्त होता, आणि नोकरचाकर व उमेदवार कारागीर तोच घालत. कुणाच्या दानावर जगणारे मूल चारचौघांत ओळखू यावे, हा त्यामागचा हिशेब. इंग्लंडात पुढे अशा अनेक धर्मादाय शाळा निघाल्या आणि त्यांना ‘ब्लू कोट’ हेच नाव पडले. म्हणजे वडिलांची शंका बरोबर होती. उपकार दिसले पाहिजेत, ही अट पहिल्या दिवसापासून होती.

पण त्या डगल्याचे पुढे जे झाले ते ठरवून झालेले नाही. दुसऱ्या चार्ल्सने १६७३मध्ये याच शाळेत गणिताची शाखा काढली: चाळीस मुलांना नौकानयनाचे गणित शिकवून आरमारात पाठवायचे. त्यामागे रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस होता. १६९४मध्ये तिच्या अभ्यासक्रमावर खुद्द न्यूटनने सविस्तर मत कळवले. शंभर वर्षांनी तिथे गणित शिकवणारे विल्यम वेल्स हे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर खगोलनिरीक्षक म्हणून गेलेले. रस्त्यावरून उचललेल्या मुलांच्या शाळेला असे शिक्षक मिळाले! अभ्यासात अव्वल ठरणाऱ्या मोजक्या मुलांना ‘ग्रीशियन’ म्हणत. त्यांना शाळेच्या खर्चाने ऑक्सफर्ड-केंब्रिजला पाठवत. गावच्या धर्मोपदेशकाचा पोरका मुलगा सॅम्युअल टेलर कोलरिज हा असाच ग्रीशियन होऊन १७९१मध्ये केंब्रिजला गेला. एकाच रंगाच्या डगल्यात कोण कुणाचा हे कळेनासे झाले, आणि भिकेची खूण हळूहळू मानाची झाली.

मुलींच्या वाट्याला हे आले नाही, हेही नोंदवले पाहिजे. शाळा पहिल्यापासून दोघांसाठी होती, पण मुलींची संख्या मुलांच्या मानाने नगण्य राहिली. पुढे त्यांना हर्टफर्डला हलवले. न्यूटनचा सल्ला त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मुलेमुली पुन्हा एका आवारात आली ती १९८५मध्ये.

आणि काळोखही होता. लॅम्ब सातव्या वर्षी शाळेत आला, त्या पहिल्याच दिवशी त्याला पायांत बेड्या घातलेला मुलगा दिसला. गुन्हा, शाळेतून पळून जाण्याचा. दुसऱ्यांदा पळाला तर अंधारकोठडी, तिसऱ्यांदा सर्वांसमक्ष फटके आणि हकालपट्टी. कोठड्या पुढे बंद झाल्या, फटके नाहीत. १८७७मध्ये पळून गेलेल्या आणि परत आणलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाने शाळेतच गळफास घेतला. सरकारी चौकशी झाली. शाळेच्या गौरवग्रंथांत अशा घटना दोन ओळींत उरकतात, आणि गौरवग्रंथ वाचताना मी सवयीने त्या दोन ओळी आधी शोधतो.

लॅम्ब स्वतः ग्रीशियन होऊ शकला नाही. बुद्धी होती, पण तो तोतरा होता. ग्रीशियनने विद्यापीठातून धर्मोपदेशक होऊन निघावे अशी अपेक्षा असे, आणि तोतरा माणूस प्रवचन कसे करणार? चौदाव्या वर्षी तो शाळेतून बाहेर पडला आणि १७९२मध्ये लेडनहॉल स्ट्रीटवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून लागला. तिथे तेहतीस वर्षे. इकडे १८१८मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा तिकडे हा माणूस कंपनीच्या वह्यांत चहा आणि नीळ यांच्या किमती मांडत होता. आपले खरे ग्रंथ त्या कचेरीच्या फळ्यांवर आहेत, असे तो थट्टेने म्हणे.

इंग्लंडमधल्या बाकीच्या जुन्या शाळांचे काय झाले? ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे तिकडे भरमसाट फीची खासगी शाळा, हा शब्दांचा उफराटा प्रकार आपल्याला माहीत आहे. पण विंचेस्टर (१३८२) आणि ईटन (१४४०) या दोन्ही शाळांच्या सनदांत सत्तर गरीब विद्यार्थ्यांची तरतूद आहे. फी देणारी मुले आधी बाजूने आली, मग तीच मुख्य झाली. १८६१मध्ये क्लॅरेंडन आयोग नऊ शाळांच्या तपासणीसाठी नेमला गेला, आणि त्यानंतरच्या सुधारणांनी गरिबांच्या जागा चुरशीच्या परीक्षेवर ठेवल्या. परीक्षा लॅटिन-ग्रीकची, तिची तयारी करून घेणाऱ्या शाळा पैसेवाल्यांच्या. गरिबाला कोणी हाकलले नाही, फक्त परीक्षा ठेवली. गुणवत्ता हा शब्द आला की मी जरा सावध होतो तो यामुळे.

ख्राइस्ट्स हॉस्पिटल त्या नऊ शाळांत नव्हते. १९०२मध्ये लंडन सोडून ते ससेक्समध्ये हॉर्शमजवळ मोकळ्या माळावर गेले. रेल्वे कंपनीने रोज मुलांची झुंबड उडेल म्हणून तिथे ऐसपैस स्थानक बांधले. शाळा निवासी आहे, मुले रोज ये-जा करणार नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आले नसावे. शाळा आजही आईवडिलांच्या उत्पन्नाप्रमाणे फी ठरवते आणि बहुतेक मुलांना सवलत मिळते. काहींकडून काहीच घेत नाही. डगला मात्र सर्वांना शाळेकडूनच, फुकट. काही वर्षांपूर्वी मुलांनाच विचारले, हा वेश बदलायचा का? मोठ्या बहुमताने नको म्हणाली. दुपारी जेवायला ती अजूनही बँडच्या तालावर रांगेने जातात. शाळा सोडून जाणाऱ्यांना मुख्याध्यापक एक आज्ञा वाचून दाखवतात: इथे जे मिळाले ते विसरू नका, आणि ऐपत येईल तेव्हा दुसऱ्या कुणाला ते मिळेल असे बघा. जानेवारी २०२५पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के कर लागू झाला आहे. कायद्याच्या लेखी ही शाळा आणि ईटन एकाच रांगेत.

लॅम्बच्या त्या निबंधातली एक गंमत सांगायची राहिली. १८१३मध्ये त्याने शाळेची तोंडभरून स्तुती करणारा लेख लिहिला होता. सात वर्षांनी त्याने दुसरा लिहिला तो कोलरिजच्या तोंडून, आणि त्यात स्वतःलाच फैलावर घेतले. तुझे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तुला घरचा चहा आणि गरम पाव यायचा. लंडनात ज्याचे कोणी नव्हते त्या मुलाची सुटी कशी जायची, हे तुला काय ठाऊक? घरचा डबा आणणारी त्याची आत्या होती. ती मठाच्या जुन्या ओवरीत एखाद्या दगडावर फतकल मारून बसे आणि सगळ्यांच्या देखत भांडे उघडे. भोवती डगलेवाली मुले बघत उभी. लॅम्बला आत्या प्रिय होती, तिची लाज वाटे, आणि बघणाऱ्यांना पुरेल एवढे त्या भांड्यात नसे. तो मान खाली घालून जेवायचा.