निम्मे घर : हाफकिन यांच्या लशीची परीक्षा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. मात्र तिच्यातून सिद्ध होते ते इतकेच की, लस टोचलेला माणूस जगू शकतो. ती प्लेगपासून वाचवते काय, हे ठरवायला तुलना लागते.

ती संधी त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात मिळाली. तेथे साथ शिरली होती आणि सुमारे निम्मे कैदी लस टोचून घेण्यास स्वेच्छेने पुढे आले. छप्पर एक, अन्न एक, साथ एक. तरी टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू कमी आढळले. पण स्वतःहून पुढे येणारा माणूस मागे राहणाऱ्यासारखाच असतो काय? तो मुळातच अधिक धडधाकट वा अधिक सावध असेल, तर दिसलेला फरक लशीचा की माणसांचा?

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा गावी हाफकिन यांनी विभागणीची रीतच बदलली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, उरलेल्यांना नाही. आता तुलना एकाच उंबरठ्याच्या आत होती. टोचलेल्यांत मृत्यू फारच कमी झाले. पुरावा भक्कम झाला. पण त्याची किंमत न टोचलेल्या निम्म्या घराने मोजली. नैतिक पेच इथेच आहे : प्रामाणिक तुलनेला कुणीतरी असुरक्षित राहावे लागते, आणि तुलनाच केली नाही तर सारेच अंधारात राहतात.

पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना पद गमवावे लागले. दोषमुक्ती मिळायला १९०७ उजाडले. त्या १९ जणांकडे बोट दाखवता येत होते. लशीमुळे वाचलेला नेमका कोण, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. तो केवळ दोन आकड्यांमधील अंतरात जगत होता. कथेला चेहरा लागतो, म्हणून असा माणूस साहित्यात सहसा येत नाही. साथीचे साहित्य वाचताना ही अनुपस्थिती ध्यानात ठेवायला हवी.